बंदिवासाचा मधला प्रदेश : युद्धबंद्यांच्या सुटकेची मालिका आणि मराठी कथनपरंपरा

१. प्रश्नाची मांडणी

युद्धबंद्यांच्या पलायनप्रयत्नांची मालिका हा दूरचित्रवाणीने घडवलेला एक स्वतंत्र कथनप्रकार आहे. एक बंदिस्त वास्तू, तिच्यात कोंडलेले सैनिक, त्यांच्यावर पहारा ठेवणारी शत्रूची यंत्रणा आणि तीतून बाहेर पडण्याचे एकामागून एक होणारे प्रयत्न, ही त्याची ठरीव सामग्री होय. यांतील बहुतेक प्रयत्न फसतात. तरीही पुढच्या भागात नवी योजना उभी राहते. कादंबरीला किंवा दोन-अडीच तासांच्या चित्रपटाला एखादाच मोठा प्रयत्न पुरतो. मालिकेला मात्र प्रयत्नांची माळ लागते आणि अपयश हे तिच्या दृष्टीने कथेचा शेवट नसून कथेचे इंधन असते.

मराठीच्या अभ्यासकाला या प्रकाराकडे पाहताना एक विसंगती जाणवते. भारतीय इतिहासातील सर्वांत प्रसिद्ध सुटकेची कथा मराठी परंपरेने जपली आहे. बखर, पोवाडा, नाटक, कादंबरी, चित्रपट आणि मालिका अशा सर्व रूपांत आग्र्याचा प्रसंग पुनःपुन्हा सांगितला गेला आहे. असे असूनही पलायनप्रयत्नांची मालिका हा प्रकार मराठीत रुजलेला दिसत नाही. याचे कारण निर्मात्यांच्या उदासीनतेत किंवा आर्थिक मर्यादांत शोधणे सोपे आहे. पण ते पुरेसे नाही. बंदिवासाचे कायदेशीर स्वरूप आणि बंदिवासाच्या कथेचा आकृतिबंध यांचा निकटचा संबंध आहे, आणि मराठी परंपरेने सांगितलेले बंदिवास हे ज्यांत दुसऱ्या प्रयत्नाला वावच नव्हता अशा प्रकारचे आहेत, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. त्यासाठी प्रथम ‘कोल्डिट्झ’ या ब्रिटिश मालिकेचा, नंतर मराठी मालिकांतील आग्रा आणि तुळापूर या दोन प्रसंगांचा, आणि शेवटी या दोहोंच्या मध्ये पडणाऱ्या, कर्नाटकातील होसकोटे परिसराशी निगडित अशा काही बंदिवासांचा विचार केला आहे.

२. ‘कोल्डिट्झ’ : दुसऱ्या प्रयत्नाची हमी

‘कोल्डिट्झ’ ही मालिका बीबीसीवरून १९७२ ते १९७४ या काळात दोन पर्वांत प्रक्षेपित झाली. तिचे एकूण २८ भाग होते. जर्मनीतील सॅक्सनी प्रांतातील कोल्डिट्झ येथील गढीत दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांचे अधिकारी ठेवले जात. अन्य छावण्यांतून पळण्याचा प्रयत्न केलेल्यांचा त्यांत विशेष भरणा असे. मालिकेची निर्मिती जेरार्ड ग्लेस्टर यांची होती आणि स्वतः कोल्डिट्झमधून १९४२ मध्ये निसटलेले पॅट रीड हे तिचे तांत्रिक सल्लागार होते. रीड यांनी १९५२ मध्ये लिहिलेल्या ‘द कोल्डिट्झ स्टोरी’ या पुस्तकावर त्याआधी, १९५५ मध्ये, चित्रपटही आला होता.

या मालिकेतील बंदिवास ही एक सुव्यवस्थित संस्था आहे. प्रत्येक राष्ट्राच्या बंद्यांमध्ये पलायनाचा एक जबाबदार अधिकारी असतो. कोणाचा प्रयत्न कधी व्हावा हे समिती ठरवते, कारण एकाच्या घाईमुळे दुसऱ्याचे महिनोन्‌महिन्यांचे खोदकाम उघडे पडू शकते. कोणी शिवणकामाने जर्मन गणवेश तयार करतो, कोणी नकाशे उतरवून घेतो, कोणी बनावट ओळखपत्रे रेखाटतो. प्रयत्न फसला की पकडलेल्याला काही आठवडे एकांतकोठडी मिळते आणि शिक्षा भोगून तो पुन्हा आपल्या सोबत्यांत येतो.

हे परत येणे मालिकेच्या रचनेला अत्यावश्यक आहे आणि त्याच्या मुळाशी एक कायदा आहे. १९२९ च्या जिनिव्हा कराराने पळताना पकडलेल्या युद्धबंद्याला केवळ शिस्तभंगाची शिक्षा देता येईल असे ठरवले आणि अशा कोठडीची कमाल मर्यादा ३० दिवस ठेवली. १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराच्या ९२ व्या कलमात हेच तत्त्व कायम राहिले. पळण्याचा प्रयत्न हा गुन्हा नाही, असे बंदी करणाऱ्या राष्ट्रानेच मान्य करावे, ही मानवी इतिहासातील बरीच अलीकडची गोष्ट आहे. या मान्यतेमुळे बंदिवासाचा काळ चक्राकार होतो : योजना, प्रयत्न, अपयश, कोठडी आणि पुन्हा योजना. साप्ताहिक मालिकेचा काळही असाच चक्राकार असतो. कायद्याने दिलेली दुसऱ्या प्रयत्नाची हमी आणि मालिकेला हवा असलेला पुढचा भाग यांचा येथे नेमका मेळ बसतो.

अर्थात ही हमी सार्वत्रिक नव्हती. मार्च १९४४ मध्ये श्टालाग लुफ्ट ३ या छावणीतून ७६ वैमानिक भुयारातून बाहेर पडले. त्यांपैकी ७३ पकडले गेले आणि ५० जणांना गोळ्या घालण्यात आल्या. सोव्हिएत युद्धबंद्यांना तर कराराचे संरक्षण मिळालेच नाही. ते लाखोंनी मेले आणि त्यांच्या छावण्यांवर अशी खेळकर साहसाची मालिका लिहिली जाणे शक्यही नव्हते. म्हणजे ‘कोल्डिट्झ’चा आकृतिबंध हा संरक्षित बंदिवासाचा आकृतिबंध आहे. त्या संरक्षणाच्या आतही दर्जाची उतरंड होती. कोल्डिट्झमध्ये बिरेंद्रनाथ मजुमदार हे ब्रिटिश सैन्यातील बंगाली डॉक्टर बंदी होते. सहबंद्यांनी त्यांच्याकडे संशयाने पाहिले. सुभाषचंद्र बोस यांची भेट होऊनही त्यांनी जर्मनांच्या बाजूने जाण्यास नकार दिला. अखेर उपोषण करून त्यांनी भारतीय बंद्यांच्या छावणीत बदली मिळवली आणि तेथून निसटून स्वित्झर्लंड गाठले. मालिकेच्या प्रमुख पात्रांत त्यांना स्थान नाही.

या मालिकेतील सर्वाधिक चर्चिला गेलेला भाग या चक्राला छेद देतो. विंग कमांडर मार्श हे काल्पनिक पात्र मायदेशी पाठवले जावे म्हणून वेडाचे सोंग घेते. सोंग इतके काळजीपूर्वक वठवले जाते की जर्मन वैद्यांची खात्री पटते आणि मार्शची सुटका होते. परंतु तोवर तो खरोखरच वेडा झालेला असतो. ज्याचा प्रयत्न पूर्णपणे यशस्वी झाला तोच परत येऊ शकत नाही. अपयशावर पोसलेल्या मालिकेने यशाची किंमत अशी दाखवावी, हे लक्षणीय आहे.

३. आग्रा आणि तुळापूर : मराठी मालिकेचे दोन ध्रुव

१२ मे १६६६ रोजी आग्र्याच्या दरबारात झालेल्या अवमानानंतर शिवाजी महाराज नजरकैदेत पडले आणि १७ ऑगस्ट रोजी तेथून निसटले. या सुमारे तीन महिन्यांचे सर्वांत जवळचे साधन म्हणजे जयपूर दरबाराशी संबंधित राजस्थानी पत्रे. ती जदुनाथ सरकार आणि रघुबीर सिंह यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केली. मराठी कथनपरंपरेचा आरंभ मात्र कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीपासून होतो. राजाराम महाराजांच्या आज्ञेने जिंजी येथे लिहिलेल्या या बखरीत प्रसंगाचे स्थळ आग्रा नसून दिल्ली आहे. स्थळ बदलले तरी कथेचा सांगाडा तेथेच पक्का झालेला दिसतो : आजाराचे सोंग, मिठाईचे पेटारे, बिछान्यावर निजलेला हिरोजी फर्जंद. महाराज प्रत्यक्षात पेटाऱ्यातून गेले की वेषांतर करून, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. कथेला त्याने बाध येत नाही.

या प्रसंगाचे मराठीतील रूढ नाव ‘आग्र्याहून सुटका’ असे आहे, वि. ह. औंधकरांच्या नाटकाचेही तेच शीर्षक आहे. ‘पलायन’ हा शब्द येथे सहसा वापरला जात नाही. पलायनाला रणातून पळण्याचा, पाठ दाखवण्याचा वास येतो. ‘सुटका’ या शब्दात पळणारा कर्ता मागे सरतो आणि बंधन सुटल्याची घटना पुढे येते. ‘युद्धकैदी’ आणि ‘युद्धबंदी’ हे शब्द तर दोन राष्ट्रे, त्यांच्या नियमित सेना आणि त्यांच्यातील करार गृहीत धरतात. सतराव्या-अठराव्या शतकातील शब्द वेगळे आहेत : नजरकैद, अटक, ओलीस, जामीन, खंडणी, तह. या शब्दांच्या जगात पळणाऱ्याला संरक्षण नाही. आग्र्यात प्रयत्न फसता तर एकांतकोठडी आणि पुढचा भाग असे काही घडले नसते. म्हणून आग्र्याची कथा एकाच प्रयत्नाची कथा आहे. तिचा काळ चक्राकार नसून एका क्षणाकडे ताणलेला आहे.

मालिकेसारख्या दीर्घ माध्यमाने या एका क्षणाचे काय करावे? श्याम बेनेगल यांच्या ‘भारत एक खोज’ने १९८८ मध्ये दूरदर्शनवर शिवकाल मांडला तो नेहरूंच्या ग्रंथाच्या आधाराने; हा ग्रंथ अहमदनगरच्या किल्ल्यातील बंदिवासातच लिहिला गेला होता, हा योगायोग नोंदवण्याजोगा आहे. तेथे प्रसंगाला इतिहासकथनाची संयत गती आहे. स्टार प्रवाहवरील ‘राजा शिवछत्रपती’ (२००८-०९) आणि झी मराठीवरील ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ (२०१७-२०) या दैनंदिन मालिका होत. पहिलीत अमोल कोल्हे शिवाजी महाराजांच्या आणि दुसरीत संभाजी महाराजांच्या भूमिकेत होते. पुढे २०२२ मध्ये याच अभिनेत्याने ‘शिवप्रताप गरुडझेप’ या चित्रपटातून आग्र्याचा प्रसंग स्वतंत्रपणे पडद्यावर आणला. दैनंदिन मालिका हा प्रसंग लांबवते ती प्रयत्नांची संख्या वाढवून नव्हे. दरबारातील बाणेदारपणा, पित्याची पुत्राविषयीची काळजी, राजगडावरील जिजाबाईंची घालमेल, पहारेकऱ्यांचा संशय यांनी ती प्रतीक्षेचा काळ भरून काढते. शेवट प्रेक्षकाला ठाऊक असतो. उत्कंठेची जागा येथे श्रद्धेने घेतलेली असते, आणि कीर्तनात जसे परिचित आख्यान पुन्हा ऐकले जाते तसे हे भाग पाहिले जातात.

दुसरा ध्रुव तुळापूरचा. फेब्रुवारी १६८९ मध्ये संगमेश्वर येथे संभाजी महाराज आणि कवी कलश पकडले गेले आणि ११ मार्च रोजी त्यांची हत्या झाली. या बंदिवासात सुटका नाही. त्याला अर्थ मिळतो तो बलिदानाचा. ज्या मालिकेच्या नायकाच्या बालपणात आग्र्याची सुटका आहे, तिचा शेवट तुळापुरात व्हावा, यामुळे मराठी मालिकेतील बंदिवासाची कल्पना जणू एकाच चरित्रात सामावते. बंदी एक तर युक्तीने सुटतो किंवा धैर्याने मृत्यू पत्करतो. या दोन ध्रुवांच्या मधले सारे, म्हणजे फसलेला प्रयत्न, वर्षानुवर्षांची प्रतीक्षा, तहाने झालेली सुटका, कोणाच्याही लक्षात न राहिलेला मृत्यू, कथनाच्या कक्षेबाहेर राहते किंवा दुय्यम होते. रायगड पडल्यावर १६८९ मध्ये मोगलांच्या हाती लागलेले शाहू १७०७ पर्यंत आणि येसूबाई १७१९ पर्यंत बंदिवासात होत्या. लोकस्मृतीत त्या दशकांना आग्र्याच्या तीन महिन्यांइतकी जागा नाही.

४. होसकोटे परिसर : तह, खंडणी आणि विस्मृती

हा मधला प्रदेश केवळ कल्पनेतला नाही. तो पाहण्यासाठी महाराष्ट्राबाहेर, मराठी सत्तेच्या दक्षिण सीमेवर जावे लागते. बंगळूरच्या पूर्वेस, कोलारच्या वाटेवर असलेले होसकोटे हे गाव सतराव्या शतकात शहाजीराजांच्या बंगळूर जहागिरीत मोडत होते. ‘नवा कोट’ असा अर्थ असलेल्या या गावाशी आणि त्याच्या आसमंताशी मराठ्यांच्या इतिहासातील दोन बंदिवास जोडलेले आहेत.

पहिला स्वतः शहाजीराजांचा. जुलै १६४८ मध्ये जिंजीजवळच्या आदिलशाही छावणीत त्यांना कैद करण्यात आले. त्यात मुधोळच्या बाजी घोरपड्यांचा हात होता. त्याच वेळी त्यांच्या दोन्ही मुलांवर आदिलशाही फौजा चालून गेल्या. थोरल्या संभाजीराजांनी बंगळूर लढवले, धाकट्या शिवाजीराजांनी पुण्याकडील प्रदेश. परमानंदाच्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यानुसार पित्याच्या सुटकेसाठी एकाने बंगळूर आणि दुसऱ्याने सिंहगड आदिलशहाला द्यावा असा तह झाला, आणि मे १६४९ मध्ये शहाजीराजे मुक्त झाले. येथे भुयार नाही, वेषांतर नाही. बंदी स्वतः काही करत नाही. त्याची सुटका दूर असलेल्या मुलांच्या लढण्याने आणि देण्याने होते. कथनाच्या दृष्टीने या सुटकेचे केंद्र कोठडीच्या बाहेर आहे. शिवचरित्रावरील कृतींत म्हणूनच हा प्रसंग शिवाजीराजांच्या राजकीय प्रौढत्वाचा एक टप्पा म्हणून येतो. शहाजीराजांचे जवळजवळ दहा महिने कसे गेले, हा प्रश्न कथेला पडत नाही.

दुसरा बंदिवास गुत्तीच्या मुरारराव घोरपड्यांचा. २२-२३ ऑगस्ट १७६८ च्या रात्री, पहिल्या इंग्रज-म्हैसूर युद्धात, हैदरअलीच्या फौजेने होसकोट्याजवळील छावणीवर छापा घातला. इंग्रजांच्या बाजूने आलेले मुरारराव तेथे तळ देऊन होते. मार्क विल्क्स या इंग्रज इतिहासकाराने या रात्रीचे वर्णन केले आहे. मुराररावांनी आपल्या लोकांना घोड्यावर न बसण्याचा हुकूम दिला. त्यामुळे अंधारात जो स्वार दिसेल तो शत्रू, हे ओळखणे सोपे झाले. जखमी झालेला त्यांचा हत्ती साखळी तोडून सुटला आणि तीच साखळी सोंडेत धरून त्याने हल्लेखोरांची दाणादाण उडवली. छापा फसला.

हे चित्र कोणत्याही मालिकेला मोहात पाडील असे आहे, पण त्याच्यापुढची आणि मागची कथा अधिक बोलकी आहे. मार्च १७४१ मध्ये मराठ्यांनी त्रिचनापल्ली घेतली तेव्हा चंदासाहेब त्यांच्या हाती लागला. त्याला साताऱ्याकडे कैदेत पाठवण्यात आले आणि जिंकलेल्या शहराचा कारभार मुराररावांकडे आला. चंदासाहेब १७४८ मध्ये खंडणीच्या कराराने सुटला आणि कर्नाटकाच्या राजकारणात पुन्हा उतरला. म्हणजे त्या काळी प्रतिष्ठित बंदी हा एक विनिमयमूल्य असलेला ऐवज होता, आणि सुटका ही बाजारातील सौद्यासारखी गोष्ट होती. मुराररावांच्या वाट्याला हा सौदाही आला नाही. होसकोट्याच्या रात्रीनंतर आठ वर्षांनी, १७७६ मध्ये, दीर्घ वेढ्यानंतर किल्ल्यावरील पाणी संपत आल्याने त्यांना गुत्ती हैदरअलीच्या स्वाधीन करावी लागली. त्यांना श्रीरंगपट्टणास आणि नंतर कब्बळदुर्गाच्या डोंगरी किल्ल्यावर ठेवण्यात आले. तेथेच त्यांचा अंत झाला. राजबंद्यांसाठी वापरला जाणारा हा किल्ला तेथील रोगट हवापाण्यासाठी कुप्रसिद्ध होता.

मुराररावांचा हा मृत्यू दोन्ही ध्रुवांपासून सारखाच दूर आहे. त्यात सुटकेची युक्ती नाही आणि बलिदानाचा जाहीर क्षणही नाही. ज्याची खंडणी कोणी भरली नाही, ज्याच्यासाठी तह झाला नाही आणि ज्याला धर्म किंवा निष्ठा यांच्या कसोटीवर उभे केले गेले नाही, अशा बंद्याचा हा शेवट आहे. मराठी ऐतिहासिक मालिकेकडे या शेवटासाठी आकृतिबंध नाही. ‘कोल्डिट्झ’कडेही तो नाही; कारण तेथील बंद्याचे नाव रेडक्रॉसच्या यादीत असते, त्याला पत्र येते, आणि युद्ध संपेल तेव्हा तो घरी जाईल असे गृहीत असते.

५. रावळपिंडी, १९७२

आधुनिक कायद्याच्या छत्राखालील आणि मराठी माणसाच्या पुढाकाराने झालेला पलायनप्रयत्न मात्र उपलब्ध आहे. १९७१ च्या युद्धात विमाने पडून पाकिस्तानच्या हाती लागलेले भारतीय हवाई दलाचे १२ अधिकारी रावळपिंडीच्या छावणीत होते. त्यांपैकी फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर, फ्लाइट लेफ्टनंट एम. एस. ग्रेवाल आणि फ्लाइंग ऑफिसर हरीश सिंहजी हे तिघे १३ ऑगस्ट १९७२ च्या रात्री खोलीची भिंत फोडून बाहेर पडले. बसने पेशावर, तेथून जमरूद आणि लंडी कोतल असा प्रवास करून ते अफगाण सरहद्दीच्या अगदी जवळ पोहोचले. लंडी कोतल येथे त्यांनी लंडी खाना या रेल्वेस्थानकाची चौकशी केली. नकाशावर ते नाव होते. स्थानक मात्र १९३२ मध्येच बंद झाले होते. ४० वर्षांपूर्वी बंद झालेल्या स्थानकाचा पत्ता विचारणाऱ्या अनोळखी माणसांविषयी तहसील कचेरीतील कारकुनाला संशय आला आणि तिघे पकडले गेले. आपण पाकिस्तानी हवाई दलाचेच असल्याचा दावा करून त्यांनी उस्मान हमीद या अधिकाऱ्याशी संपर्क साधण्याची विनंती केली. हमीद हे पूर्वी त्यांच्याच छावणीचे प्रमुख होते. त्यांच्या हस्तक्षेपामुळे टोळीप्रदेशात या तिघांच्या जिवावरचे संकट टळले. नंतर सर्व बंद्यांना लायलपूरच्या तुरुंगात हलवण्यात आले आणि १ डिसेंबर १९७२ रोजी ते वाघा सरहद्दीवरून मायदेशी परतले. परुळकर पुढे ग्रुप कॅप्टन या हुद्द्यापर्यंत पोहोचले. २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले.

‘कोल्डिट्झ’चा पहिला भाग लंडनमध्ये प्रक्षेपित झाला तो याच वर्षीच्या ऑक्टोबरात. दोन्ही घटनांचा परस्परसंबंध नाही. पण दोहोंच्या मुळाशी एकच कायदेशीर जग आहे. रावळपिंडीच्या प्रयत्नात ‘कोल्डिट्झ’ प्रकाराची सर्व लक्षणे आढळतात : समान दर्जाच्या अधिकाऱ्यांचा गट, दीर्घ तयारी, भिंतीशी चाललेली झुंज, क्षुल्लक चुकीने आलेले अपयश आणि शिक्षेनंतरही शिल्लक राहणारे आयुष्य. त्यात आणखी एक गोष्ट आहे जी ‘कोल्डिट्झ’मध्ये असूच शकत नाही. पळणारे आणि पहारा देणारे एकमेकांची भाषा बोलतात. वेषांतराला जर्मन शिकावे लागत नाही, साधी पठाणी पोशाखातील वावरण्याची सवय पुरते. जुनी हद्द पुसणारा नकाशा आणि नवी हद्द ओलांडू पाहणारे वैमानिक यांच्यातील विसंगती फाळणीनंतरच्या उपखंडातच संभवते. या घटनेवर फेथ जॉन्स्टन यांचे ‘फोर माइल्स टू फ्रीडम’ हे इंग्रजी पुस्तक २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढे हिंदीत चित्रपटही झाला.

हिंदी दृश्यमाध्यमाने या विषयाकडे अन्य मार्गांनीही पाहिले. अमृत सागर यांच्या ‘१९७१’ (२००७) या चित्रपटात युद्ध संपून सहा वर्षे झाल्यावरही पाकिस्तानात अडकलेले भारतीय सैनिक पळण्याचा प्रयत्न करतात. स्टार प्लसवर २०१६ मध्ये सुरू झालेली ‘पी.ओ.डब्ल्यू. : बंदी युद्ध के’ ही मालिका ‘हाटुफिम’ (२०१०) या इस्रायली मालिकेवर आधारलेली होती, याच इस्रायली मालिकेवरून अमेरिकेत ‘होमलँड’ तयार झाली. तिचा विषय पलायन नसून परतणे हा आहे : १७ वर्षांनी घरी आलेल्या सैनिकांना त्यांचे कुटुंब आणि राज्ययंत्रणा ओळखतात का, हा तिचा प्रश्न. येथे बंदिवास संपल्यावर मालिका सुरू होते.

६. मागे राहिलेले

या सर्व कथांची तुलना एका ठिकाणी एकवटते : जो निसटला त्याच्या रिकाम्या जागी काय असते? कोल्डिट्झच्या डच बंद्यांनी हजेरीच्या वेळी मोजणी पुरी व्हावी म्हणून दोन बाहुली बनवली होती. त्यांची नावे त्यांनी मॅक्स आणि मोरिट्झ अशी ठेवली. आग्र्यात त्या जागी हिरोजी फर्जंद हा जिवंत माणूस आहे. बाहुल्याला शिक्षा होत नाही. हिरोजीला झाली असती. कायद्याचे संरक्षण जेथे नाही तेथे युक्तीची किंमत दुसऱ्या माणसाच्या शरीराने चुकवायची असते, हा फरक या दोन बिछान्यांतून जितका स्पष्ट होतो तितका कोणत्याही व्याख्येने होणार नाही.

हिरोजी निसटला म्हणून परंपरेने त्याला लक्षात ठेवले. रघुनाथ बल्लाळ कोरडे आणि त्र्यंबक सोनदेव डबीर हे महाराजांचे दोन वकील मात्र पकडले गेले, त्यांचा छळ झाला आणि १६६७ मध्ये ते सुटले. रामसिंगाची मनसब गेली. महाराजांनी याचा आधीच विचार केला होता, असे जयपूरची पत्रे सुचवतात : आपल्या बरोबरच्या लोकांना परतण्याचे परवाने त्यांनी मिळवले आणि रामसिंगाने आपल्यासाठी दिलेला जामीन मागे घ्यावा असा आग्रह धरला. म्हणजे मागे राहणाऱ्यांची संख्या शक्य तितकी कमी करणे हा सुटकेच्या योजनेचाच भाग होता. पेटाऱ्यांच्या युक्तीपेक्षा हा विवेक नाट्यदृष्ट्या अधिक कठीण आहे, आणि मालिकेच्या अनेक भागांना पुरेल इतका तणाव त्यात आहे. मार्शचे वेडाचे सोंग आणि महाराजांचे आजाराचे सोंग यांची तुलनाही याच अंगाने फलदायी ठरते. मार्शच्या सोंगाची किंमत त्याचे स्वतःचे मन चुकवते. आग्र्याच्या सोंगाची किंमत नायकाच्या भोवतीचे लोक चुकवतात आणि कथा नायकाबरोबर पुढे निघून जाते.

मागे राहिलेल्यांचा प्रश्न केवळ आकृतिबंधाचा नाही. १९७१ च्या युद्धानंतर बेपत्ता असलेले ५४ भारतीय सैनिक पाकिस्तानच्या ताब्यात असावेत, अशी भारत सरकारची भूमिका राहिली. पाकिस्तानने ती नाकारली. त्यांच्या कुटुंबीयांनी पाच दशकांहून अधिक काळ शोध घेतला. या माणसांची कथा सुटकेची नाही आणि बलिदानाचीही नाही, कारण मृत्यूचा पुरावा नाही. दोनच ध्रुव ओळखणाऱ्या कथनपरंपरेत अशा बंद्याला नाव राहत नाही. त्याच्यासाठी सुतकही नाही आणि आरतीही नाही.

मराठी मालिकेने आग्र्याचा प्रसंग सांगत राहावा यात काही गैर नाही. तुलनाकाराच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की एखाद्या प्रकाराची अनुपस्थिती ही उणीव म्हणून न नोंदवता तिच्यामागील बंदिवासाचे स्वरूप तपासले पाहिजे. पलायनप्रयत्नांची मालिका ज्या कायद्यावर उभी राहिली तो कायदा मराठ्यांच्या इतिहासातील बंद्यांना उपलब्ध नव्हता. म्हणून त्यांच्या कथा एकाच प्रयत्नाच्या किंवा एकाही प्रयत्नाच्या नाहीत. रावळपिंडीच्या प्रयत्नापासून मात्र मराठी कथनालाही दुसऱ्या प्रयत्नाचे जग खुले झाले आहे. आणि ज्याला पहिलाही प्रयत्न करता आला नाही त्या कब्बळदुर्गावरील बंद्याची कथा सांगायची असेल, तर ‘कोल्डिट्झ’ किंवा आग्रा यांपैकी कोणताही साचा उपयोगी पडणार नाही. होसकोट्याच्या रात्री ज्याने अंधारातही आपले आणि परके ओळखण्याचा मार्ग काढला, त्याच्या अखेरच्या वर्षांना कोणते कथनरूप द्यावे, हा प्रश्न मराठी लेखकापुढे अद्याप आहे.